शहरे आणि पाणी – ९ : व्हेनिसची जलबस

व्हेनिसच्या जुन्या शहरात चाके पियात्झाले रोमा या चौकापर्यंतच येतात. मुख्य भूमीवरचा रस्ता १९३३ साली खुल्या झालेल्या पुलावरून या चौकात उतरतो आणि तिथेच संपतो. १८४६चा रेल्वेपूल जवळच्या सांता लुचिया स्थानकापर्यंत येऊन थांबतो. त्यापुढे शंभराहून अधिक बेटे, त्यांना जोडणारे चारशेहून अधिक पूल, आणि जाण्याचे दोनच मार्ग : पायी किंवा पाण्यातून. गोंडोला आणि वॉटर टॅक्सी रोजच्या खिशाला परवडणाऱ्या नाहीत. तेव्हा कार्यालय, शाळा, बाजार, दवाखाना अशा रोजच्या कामांसाठी जी सार्वजनिक नाव उरते, ती म्हणजे ‘व्हापोरेत्तो’.

ही सेवा १८८१ साली सुरू झाली. एका फ्रेंच कंपनीने ग्रँड कॅनालमध्ये वाफेच्या छोट्या बोटी आणल्या, आणि पोटावर पाय येणार हे ओळखून गोंडोला वल्हवणाऱ्यांनी संप पुकारला. संप टिकला नाही, बोटी टिकल्या. विसाव्या शतकाच्या आरंभी ही वाहतूक नगरपालिकेच्या हाती गेली. १९७८पासून ती ‘एसीटीव्ही’ ही संस्था चालवते. वाफेची जागा डिझेलने घेतली.

ग्रँड कॅनाल सुमारे ३.८ किलोमीटर लांब आहे आणि इंग्रजी ‘एस’ अक्षर उलटे काढावे तसा शहरातून वळत जातो. नवख्या प्रवाशाचा पहिला गैरसमज या वळणातूनच होतो. स्थानकापासून सान मार्को चौकापर्यंत १ क्रमांकाच्या बोटीने पाऊण तासाच्या आसपास वेळ लागतो. रस्ता ठाऊक असलेला माणूस गल्ल्याबोळांतून तेवढ्यातच, कधी थोडा आधीही, पायी पोहोचतो. म्हणजे शहराच्या मध्यभागात जलबस वेळ वाचवत नाही. ती वाचवते पुलांच्या पायऱ्या. हातात अवजड सामान, लहान मूल किंवा म्हातारे गुडघे असतील, तर हा हिशेब अगदी वेगळा ठरतो.

१ क्रमांकाची बोट जवळजवळ प्रत्येक थांब्यावर थांबते आणि एकदा या काठाला, एकदा त्या काठाला लागत नागमोडी जाते. नकाशात समोरासमोर दिसणारे दोन थांबे चालणाऱ्यासाठी बरेच लांब असू शकतात, कारण संपूर्ण ग्रँड कॅनालवर पूल फक्त चार आहेत : स्थानकाशेजारचा स्काल्त्सी, १५९१ साली पुरा झालेला रियाल्तो, आक्कादेमिया, आणि पियात्झाले रोमाजवळचा २००८चा पूल. १८५४पर्यंत तर एकटा रियाल्तोच होता. रियाल्तो आणि आक्कादेमिया यांच्या मधल्या लांब पट्ट्यात एकही पूल नाही. सान तोमा आणि सांत आंजेलो हे थांबे याच पट्ट्यात, जवळजवळ समोरासमोर आहेत. फ्रारी चर्च पाहायचे असेल तर सान तोमाला उतरावे लागते. चुकून सांत आंजेलोला उतरलेल्या माणसाला मोठा वळसा पडतो, नाहीतर पुढच्या बोटीची वाट पाहावी लागते. म्हणून थांब्याच्या नावाइतकाच त्याचा काठही लक्षात ठेवणे शहाणपणाचे.

काठ बदलण्याचा आणखी एक जुना उपाय आहे, त्याला ‘त्रागेत्तो’ म्हणतात. काही ठराविक ठिकाणी दोन नावाडी साध्या, बिनसजावटीच्या गोंडोलातून प्रवाशांना पलीकडे नेऊन सोडतात. रियाल्तोच्या बाजाराजवळची सांता सोफियाची फेरी त्यांपैकी सर्वांत परिचित. भाडे पाहुण्यांसाठी अवघे २ युरो, प्रवास दोन-तीन मिनिटांचा, आणि स्थानिक लोक बहुधा उभ्यानेच जातात. गोंडोलात बसण्याची हौस एवढ्यावर भागत असेल, तर यापेक्षा स्वस्त सोय शहरात नाही.

ग्रँड कॅनालमधून २ क्रमांकाची बोटही जाते. ती मोजकेच थांबे घेते आणि पुढे जुदेक्का बेटाकडून फिरते. पण जलबसचा खरा उपयोग कालव्याबाहेर, उघड्या खाजणात कळतो. ४.१, ४.२, ५.१ आणि ५.२ या बोटी शहराला बाहेरून फेरी घालतात. दशांशानंतरचा १ आणि २ म्हणजे एकाच वर्तुळाच्या दोन उलट दिशा. चुकीचा अंक पकडला तर दहा मिनिटांचा प्रवास सगळ्या शहराला वळसा घालून होतो. या बोटी कान्नारेजो कालव्याच्या पुलांखालून जातात, म्हणून त्या ग्रँड कॅनालमधल्या बोटींपेक्षा बुटक्या आणि बंदिस्त असतात. उत्तरेच्या फोंदामेंते नोव्हे धक्क्यावरून काचकामासाठी प्रसिद्ध मुरानो दहाएक मिनिटांवर आहे. १२ क्रमांकाची बोट तिथून पुढे पाऊण तासाच्या आत बुरानोला पोहोचवते. मुरानोच्या वाटेत सान मिकेले बेट लागते. ते शहराचे कब्रस्तान आहे आणि तिथेही बोटीचा नियमित थांबा आहे. लिदो बेटावर मात्र मोटारी चालतात, आणि त्या नेण्यासाठी त्रोनकेत्तोहून वेगळी मोठी बोट सुटते.

थांबा म्हणजे पिवळ्या पट्ट्याचा, छप्पर असलेला तरंगता धक्का. भरती-ओहोटीबरोबर तो वर-खाली होतो, त्यामुळे बोटीची फळी आणि धक्क्याची फळी नेहमी एका पातळीवर राहते. बोट जवळ येताच चालक इंजिन उलटे फिरवतो, खलाशी दोर खुंट्याला झटपट गुंडाळतो, लोखंडी फाटक सरकवतो आणि थांब्याचे नाव पुकारतो. उतरणारे आधी, चढणारे नंतर. पाठपिशवी पाठीवरून काढून हातात घेणे हा इथला अलिखित शिष्टाचार. लहान थांब्यांवर दोन्ही दिशांच्या बोटी एकाच धक्क्याला लागतात, म्हणून बोटीवरची पाटी वाचल्याशिवाय पाय टाकू नये. स्थानक किंवा सान झाक्कारिया अशा मोठ्या ठिकाणी अनेक धक्के शेजारीशेजारी असतात, आणि कुठली बोट कुठून सुटते हे फलकावर पाहावे लागते.

अलीकडच्या दरपत्रकानुसार ७५ मिनिटांचे साधे तिकीट ९.५० युरोला, तर २४ तासांचा पास २५ युरोला मिळतो. दिवसात तीनदा बोट लागणार असेल तर पासच परवडतो. स्थानिक रहिवासी आपल्या कार्डावर यापेक्षा कितीतरी कमी भाडे देतात. ही दुहेरी व्यवस्था पाहुण्यांना खटकते, पण तिचे कारण उघड आहे. १९५१च्या सुमारास पावणेदोन लाख वस्ती असलेल्या जुन्या शहरात २०२२ साली पन्नास हजारांहून कमी माणसे उरली होती, आणि त्यांना बोटीत जागा पर्यटकांच्या लोंढ्यातून काढावी लागते. पास असला तरी प्रत्येक वेळी चढण्यापूर्वी तो धक्क्यावरच्या यंत्राला लावणे सक्तीचे आहे. तिकीट नसेल तर चढताक्षणी खलाशाकडे मागावे, तपासनीस आल्यावर नव्हे. विमानतळाची बोट वेगळ्या कंपनीची असून हा पास तिच्यावर चालत नाही.

वेळापत्रक शेवटी पाण्याच्या मर्जीवर असते. मोठ्या भरतीला पुलाखालची मोकळी जागा घटते आणि बाहेरून फिरणाऱ्या बोटींचे मार्ग बदलतात किंवा तोडले जातात. १२ नोव्हेंबर २०१९ च्या रात्री पाणी १८७ सेंटिमीटरवर गेले, तेव्हा काही जलबसच धक्क्यावरून उचलल्या जाऊन काठावर आदळल्या. ऑक्टोबर २०२०पासून खाजणाच्या तोंडाशी उभी राहणारी भरतीरोधक दारे असा प्रसंग टाळतात. त्यांची रचना हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. हिवाळ्यात दाट धुके पडले की बोटी रडारच्या आधाराने चालतात आणि काही फेऱ्या रद्द होतात. सप्टेंबरच्या पहिल्या रविवारी ऐतिहासिक नौकाशर्यतीसाठी ग्रँड कॅनाल काही तास बंदच असतो.

वेगावर मर्यादा आहे ती लाटांमुळे. बोटींनी उठवलेल्या लाटा आणि पंख्यांचा झोत काठच्या इमारतींच्या पायांची झीज करतो, हे व्हेनिसचे जुने दुखणे आहे. जलबसही त्याला अपवाद नाही, कारण धक्क्याला लागताना उलटे फिरवलेले इंजिन तळचे पाणी सर्वांत जास्त ढवळते. मध्यरात्रीनंतर बहुतेक मार्ग थांबतात, आणि ‘एन’ या अक्षराची बोट ग्रँड कॅनाल, जुदेक्का आणि लिदो यांना पहाटेपर्यंत विरळ अंतराने जोडत राहते.