सुटीतली कादंबरी कोणी निवडावी?

मे महिना उजाडला की खराडीतील मोठमोठ्या गृहसंकुलांत एक ठरावीक धावपळ सुरू होते. पोहण्याचा वर्ग, बुद्धिबळाचे शिबिर यांचे शुल्क भरून झाले की कोणाला तरी आठवते, मुलांच्या हाती एखादे मराठी पुस्तकही पडावयास हवे. मग कामानिमित्त शहरात गेलेले आजोबा अप्पा बळवंत चौकातून ‘श्यामची आई’ घेऊन येतात. अकरा वर्षांची नात चार पाने वाचते, पाचव्या पानावर अडखळते आणि पुस्तक दिवाणखान्यातील कपाटात जाऊन बसते. पुढे दोन वर्षांनी तेच पुस्तक धाकट्या भावासाठी बाहेर काढण्यात येते.

यात नातीचा दोष नाही आणि साने गुरुजींचा तर मुळीच नाही. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या या पुस्तकाच्या प्रकरणांना ‘रात्री’ म्हटले आहे. आश्रमातील सोबत्यांना श्याम रोज रात्री एकेक आठवण सांगतो. मुळात ते ऐकावयाचे कथन होय. आजोबांनी रोज एक रात्र वाचून दाखविली तर सुटी पुरून उरेल. पण ते एकटीने वाचून संपव, असे फर्मावले की त्याचा अभ्यास होतो.

दहा ते बारा या वयातील खरी अडचण वेगळीच आहे. इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या या मुलीने हॅरी पॉटरचे जाडजूड खंड संपविलेले असतात. तिच्या बुद्धीला गुंतागुंतीचे कथानक लागते. तिचे मराठी वाचन मात्र दुसरी-तिसरीच्या वेगाने चालते. २०२० च्या कायद्याने राज्यातील सर्व शाळांत मराठी अनिवार्य झाली, हे योग्यच झाले. परंतु पाठ्यपुस्तकातील धड्याने गुण मिळतात, वेग मिळत नाही. परिणामी तिला एक तर चिमणी-कावळ्याची पुस्तके देऊन तिचा अपमान केला जातो, नाही तर थोर साहित्य देऊन तिची दमछाक केली जाते. वडीलधारी माणसे वय पाहतात, संस्कार पाहतात. वेग कोणी पाहत नाही.

म्हणूनच भा. रा. भागवतांच्या बनेश फेणेचे मोल मोठे आहे. ‘फास्टर फेणे’ हा मूळचा फुरसुंगीचा. खराडीहून नदी ओलांडून मुंढवा, हडपसर मागे टाकले की त्याचे गाव. जूल व्हर्नच्या कादंबऱ्या मराठीत आणणाऱ्या भागवतांना कथानक पळवावे कसे हे पक्के ठाऊक होते. पुढे काय झाले, या ओढीने मूल न समजलेला शब्द ओलांडून जाते, आणि वेग येतो तो असाच. सायकली दामटणाऱ्या मुलांचे ते पुणे नगर रस्त्यावरील वाहनकोंडीत वाढलेल्या मुलांना परके वाटेल, ही भीती अनाठायी आहे. हॉगवर्ट्स तरी त्यांनी कोठे पाहिले आहे? (२०१७ च्या चित्रपटाने फेणेला मोठा करून टाकले, वाचकाने मूळचा शाळकरी फेणेच गाठावा.)

तथापि फेणेसुद्धा लादू नये. येथे प्रश्न अर्थशास्त्राचा आहे. पुस्तकाची किंमत खराडीतील नोकरदार कुटुंबाला जड नाही. जड आहे ती चुकीच्या निवडीची किंमत. पैसे मोजले म्हणून पुस्तक संपविलेच पाहिजे, हा आग्रह म्हणजे बुडालेल्या पैशामागे मुलाची गोडीही बुडविणे होय. ग्रंथालयात हा धोका नसतो, कारण न आवडलेले पुस्तक दुसऱ्या दिवशी परत करता येते. जुन्या पुण्याला १८४८ पासून नगर वाचन मंदिर आहे. नव्या खराडीत मनोरे ज्या वेगाने उभे राहिले त्या वेगाने ग्रंथालये आली नाहीत.

मग सोसायटीच्या सभागृहात एक टेबल मांडावे. त्यावर फेणेचे काही भाग, ना. धों. ताम्हनकरांचा ‘गोट्या’, दिलीप प्रभावळकरांचा ‘बोक्या सातबंडे’, जपानी शाळेची ‘तोत्तोचान’, शांता शेळके यांनी मराठीत आणलेली ‘चौघीजणी’ ठेवावी. प्रकाश नारायण संतांचे ‘वनवास’ बारावे सरत आलेल्यांसाठी. त्यातील सीमाभागाची बोली आधी कोणी मोठ्याने वाचून दाखविलेली बरी. नियम एकच: वीस पाने वाचून पुस्तक सोडता येईल, कारण विचारले जाणार नाही.

आणि हे टेबल सदनिकाधारकांच्या मुलांपुरते नसावे. त्याच इमारतीच्या रखवालदाराचा मुलगा महापालिकेच्या मराठी शाळेत जातो. तो भराभर वाचतो, पण त्याच्या घरी पाठ्यपुस्तकाखेरीज पुस्तक नसते. एकीकडे पुस्तके आहेत, वेग नाही. दुसरीकडे वेग आहे, पुस्तके नाहीत. हा दानधर्म नव्हे, देवघेव आहे. कारण या टेबलापाशी तो पुढे असेल आणि ती मागे. त्याने एका दुपारी संपविलेल्या ‘गोट्या’तील गमती तो तिला अर्ध्याच सांगेल. उरलेल्या गमतींसाठी तिला पुस्तक उघडावे लागेल. आणि पुढचा फेणे आधी कोणी न्यावयाचा यावरून दोघांचे भांडण जुंपले, तर आजोबांनी निःशंकपणे अप्पा बळवंत चौकात जाऊन दुसरी प्रत आणावी.