दुर्बिणीनं ऑपरेशन की पोट उघडून? लघवीच्या मार्गाच्या कॅन्सरविषयी थोडं

कुणी चुलीपुढं असाल, कुणी गोठ्यात रेडिओ लावून ऐकत असाल. आजचा विषय जरा जड आहे. पण तो आमच्या एका गटाच्या बैठकीत स्वतःहून येऊन बसला, म्हणून बोलते.

मागच्या वर्षी माझ्याकडच्या गटात एका वहिनींनी कर्ज मागितलं. दीड लाख. बारा जणींचा गट, महिन्याला दोनशेची बचत. दीड लाख म्हणजे पेटी रिकामी करून वर बँकेतून उचलायचे. कारण विचारलं तर वहिनींना रडूच फुटलं. भाऊजींना मूत्राशयाचा, म्हणजे लघवीच्या पिशवीचा कॅन्सर निघाला होता. गाठ खोलवर गेली होती, त्यामुळं पिशवीच काढावी लागणार होती. सरकारी रुग्णालयात पोट उघडून ऑपरेशन होणार होतं आणि ते योजनेत बसत होतं. एका खासगी दवाखान्यात मात्र रोबोटनं करतो म्हणाले, त्याचे दीड लाख भरायचे होते. वहिनी म्हणाल्या, "ताई, रोबोटनं केलं तर माणूस वाचंल ना? वाचत असंल तर रान विकते, पण करते."

बाराजणी गप्प. मीही गप्प. मी बीए झालेली बाई, डॉक्टर नव्हे. चार दिवसांची मुदत मागून घेतली आणि ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरमॅडमकडं वही घेऊन गेले. त्यांनी समजावलं ते आज तुम्हाला सांगते.

दुर्बिणीचं म्हणजे नेमकं काय?

दुर्बिणीचं ऑपरेशन आपल्याला नवं नाही. कुटुंबनियोजनाचं आपल्या कितीतरी जणींनी तसंच करून घेतलंय. पोटाला बोटाच्या पेराएवढी किंवा त्याहून लहान तीन-चार भोकं पाडतात, पोटात वायू भरून जागा करतात, एका भोकातून कॅमेरा आणि बाकीच्यांतून लांब दांड्याची हत्यारं घालतात. डॉक्टर पडद्यावर बघून काम करतात.

किडनीचा कॅन्सरही असा काढता येतो. १९९० साली अमेरिकेत सेंट लुईस शहरात डॉ. राल्फ क्लेमन यांनी पहिल्यांदा दुर्बिणीनं किडनी काढली, ती गाठ असलेल्या ८५ वर्षांच्या आजीची. आज हे ऑपरेशन आपल्याकडच्या मोठ्या रुग्णालयांतही होतं. किडनी पोटातच पिशवीत भरतात आणि शेवटी चार बोटांची चीर देऊन बाहेर काढतात.

रोबोट ही त्याच्याच पुढची पायरी. नाव ऐकून वाटतं, यंत्रच ऑपरेशन करतं. तसं नाही. डॉक्टर बाजूच्या खुर्चीत बसून हात हलवतात, तशी यंत्राची बारीक हत्यारं पोटात हलतात. यंत्र डॉक्टरच्या हाताखालचं, डॉक्टर यंत्राच्या नव्हे.

मूत्राशयाची गाठ वरवरची असेल तर पोटाला भोकसुद्धा पाडावं लागत नाही. लघवीच्या वाटेनंच दुर्बीण आत घालून गाठ खरवडून काढतात. भाऊजी लवकर गेले असते तर कदाचित एवढ्यावर भागलं असतं.

फायदा कशात, आणि कशात नाही?

हे ठरवायला डॉक्टर लोक एक सरळ पद्धत वापरतात. सारख्याच आजाराच्या रुग्णांचे चिठ्ठी टाकल्यासारखे दोन भाग करतात. एका भागाचं ऑपरेशन पोट उघडून, दुसऱ्याचं रोबोटनं. मग दोन्हींची गणती ठेवतात.

मूत्राशय काढण्याच्या ऑपरेशनची अशी गणती अमेरिकेतल्या १५ रुग्णालयांत झाली, निकाल २०१८ साली छापून आला. दोन वर्षांनी आजार न वाढता जगणारे रोबोटच्या गटात शंभरात ७२ होते, पोट उघडलेल्यांच्या गटातही शंभरात ७२. म्हणजे कॅन्सर आटोक्यात ठेवण्यात दोन्ही सारखे. फरक रक्तात पडला. पोट उघडताना साधारण ७०० मिलिलिटर रक्त गेलं, रोबोटनं ३०० मिलिलिटर. रुग्णालयातला मुक्काम सातऐवजी सहा दिवसांचा झाला. ऑपरेशनला मात्र रोबोटनं तासभर जास्त लागला.

इंग्लंडकडच्या नऊ रुग्णालयांतल्या गणतीचा निकाल २०२२ साली आला. तिथं पोट उघडलेल्यांत शंभरातल्या १६ जणांच्या जखमेची तक्रार झाली, रोबोटवाल्यांत सहा जणांच्या. पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी होण्याचं प्रमाण पहिल्या गटात शंभरात आठ, दुसऱ्यात दोन. पहिल्या तीन महिन्यांत रोबोटवाले दोन दिवस जास्त घरी राहिले. हा फायदा खरा आहे, तो नाकारायचा नाही.

पुरुषांच्या प्रोस्टेट ग्रंथीच्या कॅन्सरची गणती ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला झाली, ३२६ पुरुषांवर. दोन वर्षांनी बघितलं तर लघवीवरचा ताबा आणि नवरा-बायकोचे संबंध या दोन्ही बाबतींत दोन्ही गट सारखेच निघाले. या ऑपरेशननंतर काही काळ लघवी गळते. ती रोबोटनं केलं म्हणून गळायची राहत नाही. त्यावर ओटीपोटाच्या स्नायूंचे व्यायाम असतात, ते विचारून घ्यावेत.

किडनीच्या बाबतीत दुर्बिणीचा फायदा आपल्यासारख्या कष्टकऱ्यांना जास्त जाणवतो. उघड्या ऑपरेशनला बरगडीखाली वीतभर लांब चीर पडते. ती दुखते आणि तिथले स्नायू कमजोर राहू शकतात. दुर्बिणीनं माणूस लवकर उठतो. गाठ लहान असेल तर पुष्कळदा गाठीपुरताच तुकडा काढून बाकीची किडनी वाचवता येते, उघड्यानंही आणि दुर्बिणीनंही. पण गाठ फार मोठी असली, मोठ्या शिरेत शिरली असली, तर पोट उघडणंच बरं. कधी दुर्बिणीनं सुरू केलेलं ऑपरेशन रक्तस्राव झाला म्हणून मध्येच उघडावं लागतं. त्याला फसलं म्हणायचं नाही, डॉक्टरांनी जीव सांभाळला म्हणायचं.

आणि एक बायकांच्या कामाची गोष्ट. लहान भोक म्हणजे नेहमीच चांगलं, असं नाही. गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये २०१८ साली उलटाच निकाल आला. साडेचार वर्षांनी पोट उघडलेल्या बायकांत शंभरातल्या ९६-९७ जणी आजाराविना होत्या, दुर्बीण-रोबोटच्या गटात ८६. म्हणून प्रत्येक कॅन्सरचा हिशोब वेगळा विचारायचा. शेजारणीच्या पित्ताशयाच्या ऑपरेशनवरून आपलं ठरवायचं नाही.

टाका लहान, आजार लहान नव्हे

मॅडमनी एक गोष्ट दोनदा सांगितली. दुर्बिणीनं झालं की घरचे म्हणतात, काही झालंच नाही, आठ दिवसांत कामाला लाग. बाहेर दोन टाके दिसतात, पण आतली जखम तेवढीच मोठी असते. महिना-दीड महिना पाण्याची घागर, गवताचा भारा, पोतं उचलायचं नाही. नेमकं किती दिवस, ते सुट्टीच्या कागदावर लिहून घ्या आणि तो कागद घरातल्या सगळ्यांसमोर वाचून दाखवा. सून असली तर सासूबाईंसमोर नक्की वाचा.

दुसरं, लघवीच्या वाटेनं गाठ काढलेले लोक पुढच्या तपासणीला जात नाहीत. टाका नाही, दुखत नाही, मग कशाला एसटीचं भाडं घालवायचं? पण ही गाठ पुन्हा येणारी आहे. म्हणून सुरुवातीला दर तीन महिन्यांनी दुर्बिणीनं आतून बघतात. ती तारीख चुकवू नका.

लाल लघवी म्हणजे नुसती उष्णता नव्हे

भाऊजींची लघवी पहिल्यांदा लाल झाली ती शिमग्याच्या सुमारास. दुखत नव्हतं. दोन दिवसांत थांबलं. घरच्यांनी उष्णता म्हणून सब्जा आणि धने-जिऱ्याचं पाणी दिलं. पुन्हा झालं तेव्हा आषाढ लागला होता. मधले चार महिने गाठ आत वाढत होती. न दुखता लघवीत रक्त येणं आणि आपोआप थांबणं, ही मूत्राशयाच्या कॅन्सरची पहिली खूण असू शकते. थांबलं म्हणजे बरं झालं असं नाही.

आपलं बायकांचं तर आणखी अवघड. रक्त दिसलं की पाळीचं वाटतं, जळजळ झाली की उन्हाळी लागली म्हणतो. गोळ्या घेऊनही पुन्हा पुन्हा होत असेल, किंवा पाळी गेल्यावर लाल दिसत असेल, तर लघवीची तपासणी आणि सोनोग्राफी करून घ्या. रक्त प्रत्येक वेळी कॅन्सरचंच असतं असं नाही, खडा असतो, जंतू असतात. पण ते डॉक्टरांनी सांगू द्या, आपण ठरवू नये.

कारणाविषयीही बोलते. या कॅन्सरचं सगळ्यात मोठं कारण विडी-सिगारेट. धुरातलं विष रक्तात जातं, किडनी ते गाळून लघवीत सोडते आणि ती लघवी पिशवीत तासन्‌तास साठून राहते. भाऊजी तीस वर्षं विडी ओढत होते.

मग आमच्या गटानं काय केलं?

चार दिवसांनी बैठक झाली. वही वाचून दाखवली. एक मावशी म्हणाल्या, "म्हंजी जगणं सारखंच, रक्त आन् जखम कमी. मग त्यापायी रान कशाला इकायचं?" वहिनींनी विचार केला आणि सरकारी रुग्णालयात जायचं ठरवलं. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ऑपरेशन बसलं. रुग्णालयातल्या आरोग्यमित्रानं कागद करून दिले. गटानं वीस हजार दिले, जाण्यायेण्याला, राहण्याला आणि वरच्या खर्चाला.

खरं सांगायचं तर सगळं सुखानं झालं नाही. जखमेत पू झाला, तीन आठवडे जास्त गेले, रक्ताच्या दोन बाटल्या चढवाव्या लागल्या. रोबोटनं कदाचित हे टळलं असतं. वहिनींनी ते तीन आठवडे रुग्णालयाच्या व्हरांड्यात काढले, त्यांची मजुरी बुडाली. मला अजून कधी कधी वाटतं, आपण बरोबर सांगितलं ना? पण भाऊजी आज आहेत, पोटाला लघवीची पिशवी लावून बांधावर बसतात, आणि रानही आहे. कर्जाचे हप्ते वेळेवर येतात. पैसे हाताशी असते तर रोबोटनं केलं असतं तरी चुकलं नसतं. आम्हाला एवढंच कळलं, की जीव वाचवण्यासाठी रान विकायची गरज नव्हती.

तुमच्यावर अशी वेळ आली तर डॉक्टरांना हे विचारा: गाठ किती खोल गेली आहे? दोन्ही पद्धतींनी कॅन्सर सारखाच निघेल का? हे ऑपरेशन तुम्ही या पद्धतीनं किती वेळा केलंय? नुसती गाठ काढून भागेल का? योजनेत बसतं का? पुढची तपासणी कधी? विचारायला लाजू नका. उत्तरं वहीत लिहा, आणि एकटीनं न जाता गटातली एखादी सोबत न्या.

आणि येत्या बैठकीत हप्ते गोळा झाले की एक प्रश्न सगळ्यांना विचारा: घरात कुणाची लघवी लाल झाली होती का? एखादी मान खाली घालेल. तिच्यासोबत दुसऱ्या दिवशी दवाखान्यात जा.