स्मृतिपरीक्षणास रुग्ण पाठविताना

प्रवरेकाठच्या आमच्या बेलापुरात चिकित्सालयात येणाऱ्या वृद्धांपैकी काहींची तक्रार मुळात त्यांची नसतेच. ती मुलाची अथवा सुनेची असते. आबा एकच गोष्ट दहादा विचारतात, बाई चुलीवर दूध ठेवून विसरतात, मळ्यातून परतताना वाट चुकली, असे सांगितले जाते. अशा रुग्णास शहरातील तज्ज्ञ मेंदू-मानसशास्त्रीय परीक्षण सुचवितात आणि घरात धास्ती पसरते. वेडा ठरवतील, विजेचे झटके देतील, पुढे सातबाऱ्यावरचे नावही जाईल, या भीतीने रुग्ण जाणेच टाळतो. परीक्षणाबरोबर पुढील रक्ततपासणीही टळते. ब-१२ जीवनसत्त्वाची न्यूनता, थायरॉइडचे मांद्य, विषाद, डोक्यास मार लागून साकळलेले रक्त ही विस्मृतीची कारणे उपचारसाध्य असताना वेळ हातची जाते. म्हणून हे परीक्षण नेमके काय असते, हे रुग्णास समजावून सांगणे वैद्याचेच काम आहे, असे आम्ही मानतो.

कल्पना आपणांस परकी नाही. स्मृतीचे अनुमान स्मरणावरून व मेधेचे ग्रहणावरून करावे, असे चरकाचार्यांनी विमानस्थानात सांगितले आहे. येथेही तेच घडते. सुई नाही, यंत्र नाही; टेबलाच्या एका बाजूस रुग्ण, दुसऱ्या बाजूस चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ. प्रथम रुग्णाशी व घरच्यांशी स्वतंत्र बोलणे होते. त्यानंतर शब्दांची यादी ऐकवून पुन्हा म्हणावयास लावतात व सुमारे अर्ध्या तासाने तीच यादी अकस्मात विचारतात. आकडे उलट क्रमाने म्हणणे, मिनिटभरात आठवतील तितक्या प्राण्यांची नावे सांगणे, आकृती पाहून काढणे, ठोकळे जुळविणे, हेही असते. दोन-तीन तास सहज जातात. कधी दोन बैठका लागतात.

यादीच्या परीक्षेतील एक खुबी वैद्यबंधूंनी ध्यानी घेण्याजोगी आहे. विषादग्रस्त रुग्णास शब्द स्वतः आठवत नाहीत, परंतु ऐकविल्यावर तो ते बहुधा ओळखतो. अल्झायमरमध्ये ही ओळखही पुष्कळदा पुसलेली असते, कारण शब्द मुळात साठलेलेच नसतात. अर्थात केवळ एवढ्यावरून निदान होत नाही.

प्रश्न मुद्दाम अवघड होत जातात. सर्व उत्तरे कोणासच येत नाहीत. हे आधी न सांगितल्यास चारचौघांत मान असलेला माणूस नापास झाल्यागत खजील होऊन परततो. आमच्या मते खरा धोका मात्र अक्षरओळखीचा आहे. कधी शाळेची पायरी न चढलेल्या आजीस आकृती काढता आली नाही, तर तो दोष मेंदूचा की हाती कधी पेन्सिल न धरल्याचा? बंगळुरूच्या निमहान्सने २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या परीक्षामालेत वय, लिंग व शिक्षण यांनुसार वेगळी प्रमाणके दिली आहेत, ती याचसाठी. तेव्हा रुग्ण किती शिकला, घरी कोणती भाषा बोलतो, हे आपल्या चिठ्ठीत अवश्य लिहावे. मराठीतून परीक्षा घेणारे कोणी आहे काय, हेही आधी विचारून घ्यावे.

पुण्यास जायचे म्हणून पहाटेची एस.टी. धरून उपाशीपोटी पोहोचणारे पुष्कळ. जागरण व थकवा यांनी अवधान ढासळते आणि गुण उगाच घसरतात. आदल्या रात्री नातलगाकडे मुक्काम करणे बरे. चष्मा व श्रवणयंत्र विसरू नये. घरी प्रश्नांचा सराव करून घेण्याचा मोह मुलांना होतो, त्याने परीक्षणच निरर्थक ठरते.

औषधांची यादी पाठविताना आपली औषधे वगळू नयेत. सर्पगंधेने मांद्य व विषाद येऊ शकतो. कनकासवात धत्तूर असतो आणि धत्तूर स्मृतीस बाधक आहे. चालू औषध परीक्षणासाठी परस्पर बंदही करू नये, तज्ज्ञांस विचारावे.

अहवाल बहुधा त्याच दिवशी मिळत नाही. त्यात एकच आकडा नसतो. अवधान, स्मृती, भाषा, नियोजन यांतील काय शाबूत आहे व काय खालावले, याचे वर्णन असते. त्यावरून औषधाच्या गोळ्या कोणी द्याव्यात, मोटारसायकल चालवावी की नाही, वर्षभराने पुन्हा तपासावे काय, हे ठरते. सातबाऱ्याच्या भीतीविषयी सांगावयाचे तर, मानसिक आरोग्यसेवा अधिनियम, २०१७ नुसार केवळ मानसिक आजाराचे निदान झाले म्हणून कोणी अस्थिरबुद्धी ठरत नाही. तसे ठरविण्याचा अधिकार सक्षम न्यायालयाचा. मानसशास्त्रज्ञाच्या अहवालाने जमिनीवरचे नाव हलत नाही, हे रुग्णास मुलांच्या देखतच सांगावे.