कुर्ल्याचे वकील शाहिद आझमी

मुंबई उपनगरांतील नागरी हक्कांच्या लढ्यात कुर्ल्यातून वकिली करणारे शाहिद आझमी (१९७७–२०१०) यांचे स्थान मोठे आहे. टाडा, म्हणजे दहशतवादी व विघातक कृत्ये प्रतिबंधक कायदा, याखाली तरुणपणीच अटक झालेल्या आझमींनी तिहार तुरुंगात शिक्षण चालू ठेवले आणि २००१ मध्ये सुटका झाल्यावर कायद्याची पदवी मिळवून वकिली सुरू केली. पोलिसांपुढील कबुलीजबाब एरवी पुरावा ठरत नाही. मात्र २००४ मध्ये रद्द झालेल्या पोटाखाली (दहशतवाद प्रतिबंधक कायदा) वरिष्ठ अधिकाऱ्याने नोंदवलेला जबाब ग्राह्य होता आणि मोक्काखाली (संघटित गुन्हेगारी नियंत्रण कायदा) तो ग्राह्य असल्याने अशा खटल्यांत बचाव कठीण होतो. तरीही डिसेंबर २००२ च्या घाटकोपर बसस्फोटाच्या पोटा खटल्यात त्यांनी बचाव केला आणि आरोपी निर्दोष सुटले.

११ फेब्रुवारी २०१० रोजी कुर्ल्यातील कार्यालयातच त्यांची गोळ्या झाडून हत्या झाली. २६/११ च्या हल्ल्याच्या खटल्यात ते ज्यांची बाजू मांडत होते, ते फहीम अन्सारी मे २०१० मध्ये निर्दोष ठरले आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये ती मुक्तता कायम ठेवली. आरोप कितीही भयंकर असला तरी आरोपीला समर्थ बचाव मिळणे हीच न्यायाची पहिली अट आहे, हे आझमींच्या अल्पायुषी कारकिर्दीने सिद्ध केले.