ट्रॅक्टरची बॅटरी का भरत नाही?



गळीत हंगामात तोडणीची टोळी पहाटेच वावरात उतरते. दुपारपर्यंत दोन्ही ट्रॉल्या भरतात, दोर आवळले जातात, आणि मालक ट्रॅक्टरवर बसून किल्ली फिरवतो तो काय, नुसता ‘टक्’ आवाज! मग धावपळ. कोणी ढकलायला येतो, कोणी शेजारच्याची बॅटरी आणायला पळतो. इकडे तोडलेला ऊस उन्हात वाळतो. तो चोवीस तासांच्या आत गाळला गेला तर ठीक. पुढे वजन घटते आणि साखरही उतरते. म्हणजे एका बॅटरीपायी नुकसान सभासदाचे आणि कारखान्याचेही.

अशा वेळी बहुतेक कास्तकार सरळ नवी बॅटरी घेतात. मीही एकदा तेच केले. आठ दिवसांत नवी बॅटरीही बसली! शेवटी गावच्या मिस्त्रीने पाहिले आणि हसून म्हणाला, “भाऊ, हौद बदलून काय होते? पाणीच येत नाही तं हौद भरन कसा?” इंजिनाला जोडलेली अर्थची पट्टी गंजून सैल झाली होती. पट्टी घासून घट्ट केली आणि काम झाले. नव्या बॅटरीचे पैसे मात्र गेले ते गेलेच.

मिस्त्रीचे बोलणे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. बॅटरी म्हणजे हौद, डायनामो किंवा अल्टरनेटर म्हणजे पंप, पंख्याचा पट्टा म्हणजे पंपाचा पट्टा, आणि वायरी म्हणजे पाइपलाइन. हौद रिकामा दिसला तर चार गोष्टी संभवतात : पंप बंद आहे, पाइप तुंबला आहे, कुठे गळती आहे किंवा हौदच फुटला आहे. तपास याच क्रमाने केला तर उगाच खर्च होत नाही.

आधी डोळ्यांनी पाहा

बॅटरीच्या खुंट्यांवर पांढरी-हिरवी भुकटी साचली असेल तर वीज नीट वाहत नाही. इंजिन बंद करून आधी अर्थची वायर काढावी, मग दुसरी. (जोडताना उलट : अर्थची वायर सर्वांत शेवटी. आजच्या ट्रॅक्टरांत निगेटिव्ह बाजू अर्थ असते. काही फार जुन्या ट्रॅक्टरांत पॉझिटिव्ह असे, म्हणून आधी पाहून घ्यावे.) गरम पाण्यात खाण्याचा सोडा घालून खुंट्या धुवाव्यात. सोड्याचे पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये. पॉलिश पेपरने घासून क्लॅम्प घट्ट आवळावा व वरून व्हॅसलीन लावावे. अर्थची पट्टी चासीला जिथे बसते तिथला रंग व गंजही घासून काढावा.

मग पंख्याचा पट्टा. दोन पुलींच्या मध्ये अंगठ्याने दाबला असता तो साधारण अर्धा इंच दबावा. जास्त दबला तर घसरतो आणि डायनामो पुरेसा फिरत नाही. फार ताणला तर बेअरिंग खातो.

तांबडा दिवा काय सांगतो?

किल्ली फिरवल्यावर बॅटरीचा तांबडा दिवा लागला पाहिजे आणि इंजिन सुरू होताच विझला पाहिजे. इंजिन चालू असूनही दिवा जळत राहिला तर चार्जिंग होत नाही. किल्ली फिरवूनही दिवा लागलाच नाही तर आधी त्याचा बल्ब व फ्यूज पाहावा. बऱ्याच अल्टरनेटरांना सुरुवातीची वीज याच दिव्यातून मिळते. त्यामुळे एवढासा बल्ब उडाला तरी चार्जिंग बंद पडू शकते.

मीटर लावून पाहा

साधा व्होल्टमीटर प्रत्येक गावात एखाद्या वायरमनकडे असतोच. इंजिन काही तास बंद ठेवून बॅटरीवर मीटर लावावा. १२.६ च्या आसपास व्होल्ट दाखवले तर बॅटरी भरलेली आहे. १२ च्या खाली असेल तर जवळजवळ रिकामी. आता इंजिन चालू करून थोडी रेस द्यावी. मीटर १३.८ ते १४.४ पर्यंत चढला तर चार्जिंग ठीक. काटा जागचा हललाच नाही तर डायनामो, रेग्युलेटर किंवा मधली वायर यांत दोष आहे. १५ च्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडला. तो बॅटरीचे पाणी उकळून टाकतो.

एक चूक कटाक्षाने टाळावी. चार्जिंग होते की नाही हे पाहण्यासाठी चालू इंजिनाची बॅटरीची वायर काढू नये. जुन्या डायनामोच्या काळात काही जण तसे करत. अल्टरनेटर असेल तर त्यातले डायोड क्षणात जळतात.

गळती

चार्जिंग ठीक आहे, तरी सकाळी बॅटरी बसलेली, असे झाले तर रात्री वीज कुठे जाते ते शोधावे. कारखान्याच्या यार्डात नंबर लागेपर्यंत टेप चालू असतो, दिवेही चालू राहतात. हिशेब करा : पंचावन्न वॉटचे दोन दिवे सुमारे नऊ अँपिअर खेचतात, ८० अँपिअर-तासांची बॅटरी आठ-नऊ तासांत साफ रिकामी. ट्रॉलीच्या दिव्याची वायर घासून उघडी पडली असेल तर तीही वीज पिते. हौसेने चार जादा दिवे लावले तर अठरा अँपिअरचा बोजा वाढतो आणि डायनामोची बरीच कमाई त्यातच जाते.

बॅटरीच खराब असेल तर

बारा व्होल्टच्या बॅटरीत सहा खण असतात. झाकणांची बॅटरी असेल तर हायड्रोमीटरने प्रत्येक खण तपासावा. १.२५० च्या आसपास आकडा म्हणजे भरलेला, १.१५० च्या खाली म्हणजे रिकामा. सगळे खण सारखेच उतरले असतील तर बॅटरी बहुधा भरण्यासारखी आहे. पाच खण चांगले आणि एकच फार खाली असेल तर तो खण गेला. मग नवी बॅटरी घेणे भाग आहे. पाणी घातल्याबरोबर आकडा घेऊ नये, चुकीचा येतो.

बॅटरी महिनोन्‌महिने रिकामी पडली की शिशाच्या पत्र्यांवर कडक थर बसतो व ती वीज धरत नाही. पूर्ण बसलेली बॅटरी ट्रॅक्टरवर भरेल अशी आशा ठेवू नये. ती चार्जरवर हळूहळू भरावी : ८० अँपिअर-तासांच्या बॅटरीला सुमारे ८ अँपिअर, दहा-बारा तास. हंगाम संपल्यावर ट्रॅक्टर उभा राहणार असेल तर महिन्यातून एकदा बॅटरी चार्ज करावी.

आपल्या भागाची खास काळजी

अकोला-अमरावतीकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. त्या उन्हात बॅटरीचे पाणी लवकर आटते. दर पंधरा दिवसांनी पाहावे; पत्रे उघडे पडू देऊ नयेत. पाणी मात्र डिस्टिल्डच घालावे. पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा आपल्याला ठाऊक आहे. जे पाणी पिकाला सोसत नाही ते बॅटरीला कसे सोसेल? इतर भागांतल्या गोड विहिरीच्या पाण्यातही क्षार असतातच. रोजच्या भरतीला ॲसिड घालू नये. आटते ते पाणी, ॲसिड नव्हे.

जिवाची काळजी

चार्ज होताना बॅटरीतून हायड्रोजन वायू निघतो. तिथे बिडी-काडी पेटवली तर बॅटरी फुटून तोंडावर ॲसिड उडते. पाणी रात्री पाहायचे तर टॉर्च घ्यावा, काडी नव्हे. डोळ्यांत ॲसिड गेले तर निदान पंधरा-वीस मिनिटे स्वच्छ पाण्याने धुऊन लगेच दवाखाना गाठावा. जुनी बॅटरी घरी फोडू नये, शिसे लेकरांच्या अंगात भिनते. ती दुकानदाराला परत द्यावी.

तेव्हा सभासद बंधूंनो, मोळी टाकण्याआधी एक दिवस काढून पट्टा, खुंट्या, अर्थ आणि पाणी एवढे तरी पाहून घ्या. अर्ध्या तासाचे काम आहे. ट्रॅक्टर वेळेवर निघाला तर ऊस वेळेवर काट्यावर येईल.