शिकावे, कमवावे की शहर गाठावे?

बारावी झाली, किंवा पदवीच्या दुसऱ्या वर्षात दोन विषय राहिले आणि घरात वडिलांची मजुरी पुरेनाशी झाली, की आपल्या अनेक मुलामुलींपुढे एकाच वेळी तीन वाटा उभ्या राहतात. तालुक्याच्या कॉलेजात आहे ते शिक्षण रेटावे, शिक्षण थांबवून कामाला लागावे, की पुणे-मुंबई गाठून तेथे काहीतरी करावे? मामा म्हणतो, चाकणला ये, कंपनीत लावतो. सर म्हणतात, आधी पदवी पूर्ण कर. आई काहीच म्हणत नाही, पण किराणा दुकानदाराची वही तिला रोज दिसत असते. अशा वेळी मुलाला उपदेशाची गरज नसते, हिशेबाची असते. तो हिशेब कसा मांडावा हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

प्रश्न एक नाही, तीन आहेत

‘शिकू की कमवू?’ असा प्रश्न केला की उत्तर दोन टोकांचे येते. वास्तविक येथे तीन वेगवेगळे प्रश्न एकत्र गुंतलेले असतात. कोणता अभ्यासक्रम पूर्ण करायचा, हा पहिला. तो पूर्ण होईपर्यंत जेवणाखाण्याची सोय काय, हा दुसरा. आणि राहायचे कोठे, हा तिसरा. हे तिन्ही सुटे केले म्हणजे लक्षात येते की काम आणि शिक्षण यांत कायमचे वैर नाही. कोणते आधी, कोणते नंतर आणि किती मुदतीसाठी, एवढेच ठरवायचे असते.

थांबणे आणि सोडणे यांतील फरक

या बाबतीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आयुष्यातील १९१७ ते १९२० हा काळ विद्यार्थ्यांनी बारकाईने पाहण्यासारखा आहे. बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीची मुदत संपल्यामुळे १९१७ साली त्यांना लंडनमधील अभ्यास अर्धवट टाकून परतावे लागले. निघण्यापूर्वी मात्र चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पूर्ण करण्याची परवानगी त्यांनी मिळवून ठेवली. म्हणजे दार लोटले, पण कडी लावली नाही.

परतल्यावर नोकरीसाठी ते बडोद्यास गेले. हुद्दा होता, पगार होता. राहायला जागा मात्र मिळेना. पारशी धर्मशाळेत त्यांनी आसरा घेतला, तेथून काठ्या घेतलेल्या जमावाने त्यांना बाहेर काढले आणि अखेर त्यांना मुंबईस परतावे लागले. पुढे नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. मार्च १९२० पर्यंत नोकरी केली, पगारातून शिल्लक टाकली, शाहू महाराजांचे साहाय्य आणि स्नेही नवल भथेना यांचे कर्ज घेतले, आणि त्याच वर्षी ते पुन्हा लंडनला रवाना झाले. १९२१ साली एम.एस्सी. आणि १९२३ साली डी.एस्सी. झाले.

यातून तीन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. कामाला मुदत होती. शिल्लक कशासाठी टाकायची ते ठरलेले होते. परतीचा कागद आधीच हातात होता. आपली मुले ‘एक वर्ष कमवतो, मग शिकतो’ असे म्हणतात आणि ते वर्ष संपतच नाही. याचे कारण बहुधा आळस नसतो. या तिन्हींपैकी एकही गोष्ट आधी ठरलेली नसते.

शहराचा हिशेब

आता पैशाकडे वळू. समजा, परभणी जिल्ह्यातील एक विद्यार्थी पुण्याला जाऊ पाहतो. कॉट बेसिसवर जागा ३,००० रुपये, दोन वेळची मेस ३,००० रुपये, बसपास व येणेजाणे ८०० रुपये, वह्या, झेरॉक्स, मोबाइल, साबण, औषधपाणी मिळून १,००० रुपये धरले, तर महिन्याचा खर्च ७,८०० रुपये होतो. हे आकडे केवळ उदाहरणादाखल घेतले आहेत. ज्या भागात जायचे तेथे आधीपासून राहणाऱ्या मुलाला विचारून प्रत्येकाने आपले आकडे स्वतः लिहावेत.

आता जमेची बाजू पाहू. शासकीय वसतिगृहात प्रवेश मिळाला तर राहणे व जेवण हे दोन मोठे खर्च सुटतात. म्हणून पहिला अर्ज तेथेच करावा. वसतिगृह न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ पासून भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या मोठ्या शहरांसाठी तिची रक्कम वर्षाला ६०,००० रुपये, त्याखालच्या शहरांसाठी ५१,००० रुपये आणि जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,००० रुपये अशी ठरली. ६०,००० ला बाराने भागले की महिन्याला ५,००० रुपये येतात. वरच्या उदाहरणात खर्च ७,८०० आहे. तेव्हा महिन्याला २,८०० आणि वर्षाला ३३,६०० रुपयांची तूट राहते. ही तूट कोण भरणार, याचे उत्तर गाडीत बसण्यापूर्वी मिळाले पाहिजे.

येथे दोन सावधगिरीच्या सूचना. पहिली, योजनेची रक्कम दर महिन्याला पगारासारखी येत नाही. अर्ज, छाननी, मंजुरी यांत महिने जातात. तोपर्यंत घरमालक आणि मेसवाला थांबत नाहीत. त्यातच सुरुवातीला जागेची अनामत, मेसचा आगाऊ महिना, गादी-भांडी असा एकरकमी खर्च येतो. म्हणून किमान तीन महिन्यांचा खर्च अधिक अनामत एवढी रक्कम जवळ असल्याशिवाय नवीन शहर गाठू नये. दुसरी, दोन योजनांच्या रकमांची आंधळी बेरीज करू नये. एकीचा निर्वाह भत्ता दुसरीतून वजा होऊ शकतो. समाजकल्याण विभागाच्या सहायक आयुक्त कार्यालयात विचारून मगच आकडा लिहावा.

मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीबाबतही एक खुलासा हवा. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांच्या या शिष्यवृत्तीत २०२१ पासून केंद्र सरकारचा हिस्सा थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात जमा होतो. त्यात निर्वाह भत्त्याबरोबर कॉलेजच्या शुल्काचाही भाग असतो. खात्यात आले म्हणजे सगळे आपलेच, असे समजून घरी पाठवले, तर परीक्षेच्या तोंडावर कॉलेजची थकबाकी उभी राहते. आलेल्या रकमेतील शुल्काचा भाग त्याच आठवड्यात भरून पावती घ्यावी.

वेळेचा हिशेब

पैशाची तूट अर्धवेळ काम करून भरता येईल, असे बहुतेकांना वाटते. तेही मांडून पाहू. आठवड्याचे तास १६८. रोज सात तास झोप धरली तर ४९ गेले. कॉलेज व येणेजाणे रोज सात तास, सहा दिवसांचे ४२. आंघोळ, कपडे, जेवण यांना रोज तीन तास, म्हणजे २१. उरले ५६. रोज चार तासांचे काम आणि एक तास प्रवास, सहा दिवसांचे ३० तास. मग अभ्यासाला २६ तास राहतात, म्हणजे दिवसाला साडेतीन तासांहून थोडे अधिक. हे जमण्यासारखे आहे.

परंतु कंपनीत नऊ तासांची पाळी आणि एक तास प्रवास धरला तर सहा दिवसांचे ६० तास होतात आणि हातात होते फक्त ५६. म्हणजे चार तासांची तूट अभ्यासाला बसण्याआधीच आली. पूर्णवेळ नोकरी आणि नियमित कॉलेज एकत्र न जमणे हा मुलाच्या जिद्दीचा दोष नाही. ते गणितच बसत नाही. ज्याला पूर्णवेळ काम करणे भागच आहे, त्याने नियमित कॉलेजात नाव ठेवून हजेरी बुडवण्यापेक्षा शिक्षणाचा प्रकार बदलावा, हे शहाणपणाचे.

कामकऱ्यांसाठीची दारे

कमावत शिकणे ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या कर्मवीर भाऊराव पाटलांनी श्रमातून शिक्षणाची वाट दाखवली. आज अनेक महाविद्यालयांत ‘कमवा व शिका’ योजना आहे. त्यात मिळणारे पैसे थोडे असतात, पण काम कॉलेजच्या आवारातच असल्याने प्रवासाचे तास वाचतात. पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज काढले, तेव्हा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावे म्हणून सकाळचे वर्ग ठेवले. सकाळच्या वर्गांची चौकशी आजही शहरात पोचल्यावर आधी करावी.

पूर्णवेळ कामगारासाठी नाशिकचे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. त्याची स्थापना १९८९ ची. विद्यापीठ अनुदान आयोगाची मान्यता असलेल्या मुक्त अभ्यासक्रमाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची धरली जाते आणि ती घेऊन स्पर्धा परीक्षेला बसता येते. प्रवेश घेताना आपला अभ्यासक्रम आयोगाच्या मान्यतेच्या यादीत आहे की नाही, एवढे मात्र पाहावे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नंतर मिळवलेले श्रेयांक खात्यात साठवण्याचीही सोय झाली आहे. २०२१ च्या नियमानुसार ते जास्तीत जास्त सात वर्षे ग्राह्य राहू शकतात. त्यामुळे मध्येच थांबावे लागले तर कॉलेज नुसते बंद करून जाऊ नये. आपले श्रेयांक खात्यात जमा आहेत का, परत येण्याची मुदत किती, राहिलेले विषय केव्हापर्यंत देता येतील आणि खंड पडल्यास शिष्यवृत्तीचे काय होईल, हे कार्यालयातून समजून लिहून घ्यावे.

काम निवडताना

सगळी कामे सारखी नसतात. ठेकेदाराकडच्या कामात पहिल्या महिन्यापासून पैसा दिसतो, पण तीन वर्षांनीही हातात कौशल्य नसते. आय.टी.आय. किंवा १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखालची उमेदवारी यांत सुरुवातीला विद्यावेतन कमी असते, पण शेवटी प्रमाणपत्र हाती येते. घर अगदीच अडचणीत नसेल तर दुसरी वाट धरावी. काम कोणतेही असो, नेमणुकीचा कागद, भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक आणि विम्याचे कार्ड मागावे. नोकरी लावून देण्यासाठी पैसे मागणाऱ्यापासून दूर राहावे. मूळ कागदपत्रे कोणाकडेही ठेवू नयेत. शिक्षणसंस्थांनीसुद्धा मूळ प्रमाणपत्रे अडकवून ठेवू नयेत, असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ सालीच बजावले आहे.

गाव सोडण्यापूर्वी जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, उत्पन्नाचा व रहिवासी दाखला, गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला यांच्या प्रती तयार ठेवाव्यात. यांतील बरेच दाखले गावच्या तालुक्यातून निघतात. पुण्यात बसून एका दाखल्यासाठी दोनदा एस.टी.चे भाडे घालवणारी मुले कमी नाहीत.

छप्पर आधी

बडोद्याची गोष्ट शंभर वर्षांपूर्वीची म्हणून सोडून देता येत नाही. आजही शहरात खोली पाहायला गेलेल्या मुलाला ‘आडनाव काय?’ हा प्रश्न भाड्याच्या आधी विचारला जातो, आणि खोली नुकतीच गेल्याचे सांगितले जाते. मुलगी एकटी असेल तर अडचण दुप्पट होते. म्हणून प्रवेश किंवा नोकरी नक्की झाली तरी राहण्याची जागा ठरल्याशिवाय सामान हलवू नये. नातेवाइकाच्या दहा बाय दहाच्या खोलीत पहिले पंधरा दिवस निघतील, वर्ष निघणार नाही; आणि तेथे अभ्यासाला कोपरा मिळेलच असे नाही.

शेवटी ठरवायचे कसे? ज्याचा अभ्यासक्रम वर्षभरात पुरा होणारा आहे, त्याने शक्यतो आहे तेथेच राहून तो पुरा करावा. ज्याला शहरात नियमित प्रवेश, वसतिगृह अथवा तीन महिन्यांची तरतूद या गोष्टी मिळाल्या आहेत, त्याने निर्धास्त जावे. ज्याच्या घरची चूल त्याच्या मजुरीवर आहे, त्याने कामाला लागावे, मात्र मुक्त विद्यापीठात नाव घालून आणि परतीची तारीख कागदावर लिहून. यांपैकी कोणतीही वाट कमीपणाची नाही. कोणतेच नाव कोठे नोंदलेले नसणे, ही स्थिती मात्र टाळली पाहिजे.

पालकांनी मुलाच्या पहिल्या पगारातून घरखर्चाला किती आणि शिक्षणाला किती, हे पहिल्याच महिन्यात ठरवावे. नाहीतर सगळा पगार घरात मुरतो आणि मुलाला मागे वळता येत नाही. सभासदांनीही एक गोष्ट ध्यानी घ्यावी. गुणवंतांच्या सत्काराला आपण आवर्जून जातो. पण दोन विषय राहिलेल्या मुलाला व्यासपीठावर कोणी बोलावत नाही, आणि गळतो तो तोच. त्याला हार नको असतो. अनामतीपुरते बिनव्याजी पैसे, शहरातल्या सभासदाच्या घरी महिनाभराचा आसरा, भाड्याच्या खोलीसाठी कोणाचा तरी शब्द आणि अर्ज भरताना शेजारी बसणारे माणूस, एवढे मिळाले तरी त्याचे वर्ष वाचते. आपल्या वस्तीत असा मुलगा किंवा मुलगी कोण आहे, हे या जून महिन्यात प्रत्येकाने विचारून पाहावे.