लिव्हरवरची पट्टी

बडोद्यातील प्रतापनगर म्हटले की रेल्वे आठवते. पश्चिम रेल्वेच्या वडोदरा विभागाचे मुख्य कार्यालय तेथे आहे. डभोईमार्गे केवडियाला, म्हणजे आजच्या एकतानगरला, जाणारी ब्रॉड गेजची वाहतूक २०२१ च्या जानेवारीत तेथून सुरू झाली. आजच्या विषयाचा आरंभ रेल्वेपासूनच करणे सोयीचे आहे. कारण अवजाराची शब्दांत ओळख करून देण्याचा प्रश्न रेल्वेने फार पूर्वीच सोडविला होता.

जुन्या पद्धतीच्या सिग्नल केबिनमध्ये लोखंडी लिव्हरांची रांग असते. घडण साऱ्यांची एकच. म्हणून त्यांना रंग दिलेले असतात: थांब्याच्या सिग्नलचा लिव्हर तांबडा, सांधे बदलण्याचा काळा, सांध्याच्या कुलुपाचा निळा, बिनकामाचा पांढरा. शिवाय प्रत्येकावर एक पट्टी असते. लिव्हरचा क्रमांक कोणता, त्याने काय हलते आणि तो ओढण्यापूर्वी कोणते लिव्हर ओढलेले असले पाहिजेत, एवढे तीवर लिहिलेले असते. ती पट्टी म्हणजे अवजाराचे वर्णनच होय.

आता आजच्या यंत्राकडे वळू. कृत्रिम बुद्धिमत्तेचे जे यंत्र नुसती उत्तरे न देता आपल्या वतीने कामेही करते, त्याला एआय एजंट म्हणतात. गाड्या शोधणे, तिकीट काढणे, तिकीट रद्द करणे अशी निरनिराळी साधने त्याच्या हाती दिलेली असतात. प्रत्येक साधन हा एक लहानसा प्रोग्रॅम असतो; पण त्याच्या आत काय आहे हे एजंटला सहसा दिसत नाही. त्याला दिसते ते साधनाचे नाव, थोडक्यात वर्णन आणि कोणती माहिती पुरवावी याची यादी. तेवढ्यावरून तो साधन निवडतो, मागणी लिहितो आणि आलेले उत्तर वाचून पुढचे पाऊल टाकतो. केबिनमधल्या माणसाला शिक्षण मिळालेले असते, अनुभव असतो आणि खिडकीतून रूळही दिसतात. एजंटला ती खिडकी नाही. पट्टीवर जे नाही, ते तो अटकळीने भरून काढतो.

समजा, एका गृहस्थाने सांगितले, ‘५/६ ला बडोद्याहून एकतानगरला जायचे आहे.’ साधनाच्या वर्णनात केवळ ‘तारीख’ आणि ‘स्थानक’ असे दोन शब्द असतील, तर ही तारीख ५ जून की अमेरिकी रीतीप्रमाणे ६ मे? स्थानक वडोदरा की प्रतापनगर? स्थानकाचे नाव द्यावयाचे की रेल्वेची संज्ञा? वडोदरा स्थानकाची संज्ञा बीआरसी आहे. ही अक्षरे आजच्या नावावरून तर्काने निघणार नाहीत. ‘तारीख वर्ष, महिना, दिवस या क्रमाने द्यावी, स्थानकाची संज्ञा द्यावी, एका शहरात दोन स्थानके असल्यास प्रवाशाला विचारावे’ असे लिहिले, तर दोन ओळींत चुकीचे तिकीट टळते.

नावांचेही तसेच. ‘तिकीट पाहा’ आणि ‘तिकीट तपासा’ अशी दोन साधने शेजारी ठेवली, तर माणूसही घोटाळ्यात पडेल. एका गोष्टीला सर्वत्र एकच नाव हवे. बडोदे संस्थानाने राज्यकारभारात ही गरज ओळखली होती. सयाजीराव महाराजांच्या कारकीर्दीत, १९३१ साली, ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा कारभाराच्या परिभाषेचा बहुभाषिक कोश निघाला, तो काही हौसेखातर नव्हे.

साधन केव्हा वापरावे याइतकेच ते केव्हा वापरू नये हेही सांगावे. ‘हे साधन तिकीट रद्द करते. तिकिटाची स्थिती पाहण्यासाठी वापरू नये. रद्द केलेले तिकीट पूर्ववत होत नाही.’ ही तीन वाक्ये नसतील, तर सहज केलेल्या चौकशीपायी एखाद्या कुटुंबाचा प्रवास बुडेल. उत्तराचाही खुलासा हवा. ‘गाडी नाही’ आणि ‘गाडीची माहिती मिळू शकली नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दोन्ही वेळी साधनाने रिकामा कागद परत केला, तर असलेली गाडीही नाही म्हणून सांगितली जाईल.

मात्र वर्णनाचा ग्रंथ करू नये. सर्व साधनांची वर्णने एजंटला एकत्र वाचावी लागतात. पाल्हाळात मुद्द्याची ओळ हरवते. ज्या शब्दाने निवड वा कृती बदलत नाही, तो शब्द खुशाल गाळावा.

आणि शब्दांवर सारा भार टाकणेही बरे नव्हे. रेल्वेने केवळ पट्टीवर विश्वास ठेवला नाही. लिव्हर एकमेकांत असे अडकविले की, आधीचा लिव्हर ओढल्याशिवाय पुढचा हलूच नये. त्याचप्रमाणे पैसे देणारे, नोंद पुसणारे, तिकीट रद्द करणारे साधन माणसाच्या स्पष्ट होकाराशिवाय चालू नये, अशी अडसर प्रोग्रॅममध्येच असावी.

वर्णन चांगले झाले की नाही, याची परीक्षा सोपी आहे. कामाचा गंध नसलेल्या पण समंजस माणसाच्या हाती ते द्यावे आणि दहा निरनिराळ्या मागण्या सांगून प्रत्येक वेळी तो कोणते साधन उचलतो ते पाहावे. जेथे तो अडखळेल, तेथे त्याला तोंडी समजावू नये, वर्णन सुधारावे. कारण एजंट काम करीत असेल, तेव्हा समजावून सांगायला आपण त्याच्या शेजारी असणार नाही.